वानर, माकड आणि गाव : कोकणात संरक्षणाचे काम नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एखाद्या वाडीत जाऊन माकडांच्या संरक्षणाविषयी बोलायला सुरुवात केली की पहिला प्रश्न समोरून येतो : माकडांना तुम्ही वाचवाल, पण आमच्या बागा कोण वाचवणार? या प्रश्नाला उत्तर न देता पुढे रेटलेले काम कोकणात टिकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. कोवळी शहाळी झाडावरच फोडली जातात, काजूचे बोंडू हिरवे असतानाच तोडून टाकले जातात, परसातील भोपळा आणि पडवळ हाती लागत नाही, आणि छपरावरून उड्या पडून कौले सरकली की पावसाळ्यात घर गळू लागते. ज्या माणसाने हे वर्षानुवर्षे सोसले आहे, त्याला निसर्गप्रेमाचे व्याख्यान देण्याचा अधिकार बाहेरून आलेल्या कोणालाही नाही. मात्र याच माणसाच्या मदतीवाचून वानर आणि माकडे वाचणार नाहीत, हेही तितकेच खरे आहे.

हा लेख निसर्ग मंडळांत नव्याने आलेल्या तरुणांसाठी, शिक्षकांसाठी, आणि गावाकडे परतून काही करू इच्छिणाऱ्या चाकरमान्यांसाठी आहे. पायऱ्यांचा क्रम शक्यतो बदलू नये, कारण पुढची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीत मिळालेल्या माहितीवर आणि विश्वासावर उभी आहे.

पहिली पायरी : प्राणी नीट ओळखावा

कोकणात वस्तीजवळ दिसणारे हे प्राणी दोन जातींचे आहेत आणि तक्रारीच्या भाषेत ते बहुधा एकच होऊन जातात. पहिले लाल तोंडाचे माकड, ज्याला काही भागांत केलडी असेही म्हणतात. त्याच्या डोक्यावरील केस मध्यभागातून चहूकडे पसरलेले असल्यामुळे ते टोपी घातल्यासारखे दिसते. दुसरे काळ्या तोंडाचे, करड्या अंगाचे आणि खूप लांब शेपटीचे वानर, ज्याच्या मोठ्या नराला आपण हुप्प्या म्हणतो.

दोघांचे पोट वेगळे आहे आणि सगळा प्रश्न पोटाशीच येऊन थांबतो. वानर मुख्यतः पाने, कळ्या, फुले, शेंगा आणि फळे खाते. त्याच्या जठराला अनेक कप्पे असतात आणि त्यांतील सूक्ष्मजीव पाला आंबवून पचवण्यास मदत करतात. बिस्किटे, फरसाण, गोड पदार्थ अशा खाण्याने ही व्यवस्था बिघडते. लाल तोंडाचे माकड फळे, बिया, कोवळे कोंब, किडे असे जवळजवळ सर्व काही खाते आणि त्याच्या गालांत पिशव्या असल्यामुळे ते मिळेल तेवढे भराभर कोंबून सुरक्षित जागी जाऊन खाऊ शकते. बागेत दोन मिनिटे शिरलेली टोळी एवढे नुकसान कसे करते, याचे अर्धे उत्तर या गालांत आहे.

दोघांचे कुटुंबही वेगळे आहे. माकडांच्या टोळीत अनेक नर आणि अनेक माद्या असतात. माद्या जन्मभर आपल्या टोळीत राहतात आणि नर वयात आल्यावर बाहेर पडतात. वानरांच्या टोळीत मात्र अनेकदा एकच मोठा नर, त्याच्या माद्या आणि पिल्ले असतात, तर उरलेले नर स्वतंत्र टोळके करून फिरतात. असे टोळके संधी मिळताच मूळ नराला हुसकावते, आणि नवा नर कधीकधी आधीच्या नराची लहान पिल्ले मारतो. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने धारवाडजवळच्या वानरांमध्ये हे पाहून नोंदवले होते. ही माहिती केवळ ज्ञानासाठी नाही. ‘तेवढा एक हुप्प्या पकडून न्या, बाकीचे आपोआप जातील’ अशी मागणी गावात हमखास होते. तो नर गेल्यावर टोळी निघून जात नाही, तिच्यावर ताबा मिळवण्यासाठी बाहेरचे नर येतात, आणि गोंधळ व पिल्लांचे मृत्यू मात्र वाढू शकतात, हे अशा वेळी शांतपणे सांगता आले पाहिजे.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. लाल तोंडाचे हे माकड भारताच्या दक्षिण द्वीपकल्पाबाहेर जगात कोठेही नैसर्गिकरीत्या आढळत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत २०२० च्या मूल्यांकनानुसार ते ‘असुरक्षित’ वर्गात आहे. रस्त्याकडेची झाडे तुटणे, वस्तीतून पकडून कोठेतरी नेऊन सोडणे, आणि उत्तरेकडून ऱ्हीसस जातीच्या माकडांचा दक्षिणेकडे होत असलेला विस्तार, ही त्यामागची मुख्य कारणे मानली जातात. घाटात गाडी थांबवली की दहा माकडे जमतात, म्हणून ती सर्वत्र भरपूर आहेत असा समज होतो. प्रत्यक्षात ती जंगलातून उठून आपल्या नजरेसमोर येऊन बसलेली असतात.

दुसरी पायरी : कायदा आणि परवानगी

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली दोन्ही प्राण्यांना संरक्षण आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर लाल तोंडाचे माकड पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, आले आहे. परवानगीवाचून त्यांना पकडणे, जखमी करणे, विष घालणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे. पिल्लाला ‘वाचवून’ घरी ठेवणेही त्यातच येते. काम सुरू करण्यापूर्वी ग्रामपंचायतीला आणि वनक्षेत्रपालांच्या कार्यालयाला लेखी पत्र द्यावे, आपल्या भागाचे वनरक्षक आणि वनपाल यांना भेटावे, आणि वन विभागाचा १९२६ हा मदत क्रमांक वाडीतील प्रत्येक घरी पोहोचवावा. या पायरीला फार वेळ लागत नाही, मात्र ती वगळली तर पुढे एखादे जखमी वानर सापडल्यावर कोणाला बोलवायचे यावरून नको तो वाद होतो.

तिसरी पायरी : आधी ऐकून घ्यावे

पहिल्या काही भेटींत ‘संरक्षण’ हा शब्दसुद्धा काढू नये, असा माझा आग्रह आहे. वाडीवाडीत जावे, संध्याकाळी माणसे घरी असतात तेव्हा जावे, आणि नुकसान काय होते एवढेच विचारावे. कोणते पीक, कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या वेळी, कोणत्या बाजूने टोळी येते, पूर्वी किती यायची, आणि तिला हाकलण्यासाठी आजवर काय करून पाहिले, असे साधे प्रश्न असावेत. उत्तरे वहीत सर्वांसमोर लिहावीत, कारण आपले म्हणणे कोणीतरी लिहून घेतो आहे हे पाहून माणूस अधिक नेमके बोलतो.

या भेटींत स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलणे अत्यावश्यक आहे. बैठकीत पुरुष आंबा आणि काजूच्या नुकसानीबद्दल बोलतात, तर परसातील भाजी, वाळत घातलेली आमसुले, सांडगे, कुळीथ आणि स्वयंपाकघरात शिरलेले माकड हा अनुभव मुख्यतः स्त्रियांचा असतो, आणि तो बैठकीत क्वचितच मांडला जातो. पुष्कळ घरांनी भुईमूग, रताळी, मका किंवा उन्हाळी भाजी लावणेच सोडून दिलेले आढळेल. हे नुकसान कोणत्याही पंचनाम्यात येत नाही, कारण जे पेरलेच नाही त्याचा पंचनामा कसा करणार? तरीही गावाच्या मनातील रागाचा मोठा वाटा तेथेच साठलेला असतो. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची अडचण तर आणखी वेगळी आहे : मुले मुंबईला, बागेत राखण करायला कोणी नाही, आणि माकडांनाही ते कळते. घरे बंद पडलेल्या वाड्यांत टोळ्या अधिक धीट का झाल्या, याचे उत्तर जंगलाइतकेच या रिकाम्या घरांत शोधावे लागते.

गुराखी आणि देवस्थानाचे गुरव यांना विसरू नये. टोळी रात्री कोणत्या झाडावर झोपते हे त्यांना बहुधा नेमके ठाऊक असते. राग आणि श्रद्धा एकाच घरात एकत्र नांदतात, हेही येथे दिसते. सकाळी माकडामागे धावणारा माणूस शनिवारी मारुतीला तेल वाहतो. या श्रद्धेचा वापर कोणाला गप्प करण्यासाठी करू नये, तिचा आदर मात्र मनापासून करावा.

चौथी पायरी : मोजणी आणि नोंद

ऐकलेल्या गोष्टींना आकड्यांची जोड दिल्याशिवाय गावाला निर्णय घेता येत नाही. यासाठी महागडी साधने लागत नाहीत; गावाचा हाताने काढलेला नकाशा, वही आणि चार-पाच नियमित माणसे पुरतात. नकाशावर वाड्या, बागा, देवराई, ओढे, कचऱ्याच्या जागा, विजेच्या तारा आणि झोपण्याची झाडे दाखवावीत.

मोजणी पहाटे टोळी झोपण्याच्या झाडावरून उतरताना किंवा संध्याकाळी परतताना करावी. टोळी रस्ता किंवा मोकळी जागा ओलांडते, तेव्हा ती एकामागून एक जाते आणि मोजणे सोपे होते. दोन माणसांनी स्वतंत्रपणे मोजून मग आकडे जुळवावेत. मोठे नर, माद्या, पोटाला बिलगलेली पिल्ले आणि मधल्या वयाची पोरे अशी विभागणी केली, तर टोळी वाढते आहे की घटते आहे हे पुढे कळते. शेजारच्या वाड्यांनी एकाच दिवशी, एकाच वेळी मोजणी करावी. अन्यथा एकच टोळी सकाळी वरच्या वाडीत आणि दुपारी खालच्या वाडीत मोजली जाते आणि ‘गावात तीनशे माकडे आहेत’ असा आकडा पसरतो. अशा एकत्रित मोजणीनंतर प्रत्यक्ष संख्या बोलीतल्या संख्येपेक्षा बरीच कमी निघण्याची शक्यता असते, आणि हे गावकऱ्यांनी स्वतः मोजलेले असल्यामुळे त्यावर विश्वासही बसतो.

यासोबत टोळी कोणत्या महिन्यात काय खाते याचे एक पत्रक निदान वर्षभर भरावे. काटेसावर आणि पळस फुलतो तेव्हा वानरे कोठे असतात, उंबर पिकतो तेव्हा बागेतील फेऱ्या कमी होतात का, करवंदे आणि जांभळे संपल्यावर टोळी कोणत्या परसाकडे वळते, याची नोंद पुढच्या सर्व उपायांचा पाया आहे. माझ्या मते संपूर्ण कामातील हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे, आणि शाळेतील आठवी-नववीच्या मुलांना तो उत्तम जमतो.

पाचवी पायरी : खाऊ घालणे थांबवावे

एकच उपाय करण्याइतके बळ असेल तर तो हा करावा. आंबोलीसारख्या घाटांत पर्यटक गाडीतून वेफर, केळी आणि मक्याची कणसे देतात; मंदिरांजवळ भाविक फुटाणे आणि नारळाचे तुकडे टाकतात; उघड्या कचऱ्यातून उरलेसुरले मिळते. अशा ठिकाणी थोड्या श्रमात भरपूर अन्न मिळाले की टोळीचा मुक्काम तेथेच पडतो, माणसाच्या हातातील पिशवी म्हणजे खाणे हे पिल्ले आईकडूनच शिकतात, आणि मग तीच माकडे गाड्यांखाली सापडतात किंवा कोणाला तरी चावतात. चावणाऱ्या माकडाविषयी गावात सहानुभूती उरत नाही. ज्याने प्रेमाने केळे दिले, त्याला या परिणामाची कल्पनाही नसते.

यासाठी केवळ फलक लावून भागत नाही. घाटातील टपरीवाले, भुट्टेवाले आणि रिक्षाचालक यांना सोबत घ्यावे, कारण पर्यटकाला त्या क्षणी अडवू शकणारे तेच एकटे असतात. कचरापेट्यांना खटक्याचे झाकण हवे. देवस्थान समितीशी बोलताना दान बंद करा असे न सांगता दान कोठे जावे हे सुचवावे. प्रसादाऐवजी उंबर किंवा वडाचे रोप देवराईत लावण्याचा संकल्प पुष्कळ भाविकांना पटतो.

एक इशारा मात्र आधीच द्यायला हवा. खाऊ बंद झाल्यावर सुरुवातीचे काही आठवडे माकडे अधिक आक्रमक होतात, जवळ येतात, पिशव्या ओढतात. सवयीचे अन्न का मिळत नाही हे तपासून पाहण्याचा तो काळ असतो. याच काळात कोणीतरी कंटाळून पुन्हा खायला दिले, तर जोर केल्यावर मिळते एवढेच माकड शिकते आणि आधीपेक्षा अवघड परिस्थिती होते. त्यामुळे बंदी सुरू करण्याची तारीख सर्वांनी मिळून ठरवावी आणि ती पर्यटनाच्या गर्दीच्या हंगामात ठेवू नये.

सहावी पायरी : नुकसान कमी करावे आणि भरपाई मिळवून द्यावी

घराच्या छपरावर झुकलेल्या फांद्या छाटाव्यात, खिडक्यांना जाळी लावावी, वाळवण जाळीखाली किंवा माणसाच्या नजरेसमोर घालावे. परसबाग लहान असेल तर वरूनही जाळी टाकता येते. जमिनीवरचे सौर कुंपण रानडुकरांना रोखते, मात्र शेजारच्या झाडावरून उडी मारणाऱ्या वानरापुढे त्याचा उपयोग मर्यादित असतो. कुंपणालगतचा पट्टा झाडाफांद्यांपासून मोकळा असेल तेथेच त्यावर खर्च करावा. हळद, आले आणि मिरची यांना माकडे तुलनेने कमी हात लावतात, त्यामुळे रानाला लागून असलेल्या पट्ट्यात ही पिके आणि आतल्या भागात अधिक आवडती पिके, अशी रचना करून पाहण्यासारखी आहे.

हाकलण्याच्या उपायांत बुजगावणे, चमकत्या पट्ट्या, ध्वनिमुद्रित आवाज हे सर्व काही दिवस चालतात आणि मग निष्प्रभ होतात, कारण त्यांतून प्रत्यक्ष धोका नाही हे ही हुशार जनावरे लवकर ओळखतात. टिकतो तो माणसाचाच वावर. म्हणून हंगामापुरती पाळीने राखण हा जुना उपाय मला आजही सर्वांत भरवशाचा वाटतो. पाच-सहा लगतच्या बागा मिळून दोन राखणदार ठेवले, तर खर्च वाटला जातो आणि टोळी एका बागेतून हाकलली की शेजाऱ्याच्या बागेत जाते, हा नेहमीचा तंटाही मिटतो. बचत गटाने हे काम घेतल्यास गावातच रोजगार मिळतो. सुतळी बॉम्ब, छर्ऱ्याची बंदूक, विषारी आमिष आणि कुंपणात थेट विजेचा प्रवाह सोडणे यांना कोणत्याही परिस्थितीत थारा देऊ नये. कुंपणातील विजेने माणसेही दगावतात.

आता भरपाईविषयी. राज्य शासनाच्या पीकनुकसान भरपाई योजनेत माकडांनी केलेल्या नुकसानीचाही समावेश आहे, तरीही पुष्कळ शेतकरी अर्जच करत नाहीत. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत वन विभागाकडे कळवावे लागते, आणि येथेच बहुतेकांची संधी हुकते. म्हणून गटातील एका व्यक्तीने हेच काम अंगावर घ्यावे : तारीख दिसेल अशी छायाचित्रे काढणे, सातबारा उतारा, आधार आणि बँक पासबुकाच्या प्रती तयार ठेवणे, अर्ज भरून देऊन पोच घेणे, आणि वन, महसूल व कृषी विभागाचे कर्मचारी पंचनाम्याला येतील तेव्हा हजर राहणे. रक्कम नेहमीच पुरेशी असेल असे नाही. पण ज्या घराला तुमच्या धावपळीमुळे पहिल्यांदा भरपाई मिळाली, ते घर पुढच्या बैठकीत तुमचे म्हणणे ऐकून घेते, आणि संरक्षणाच्या कामाला गावात खरी जागा येथून मिळू लागते.

सातवी पायरी : आजाराबाबत खबरदारी

सिंधुदुर्ग जिल्ह्यात २०१६ पासून दोडामार्ग आणि पुढे सावंतवाडी तालुक्यात माकडतापाचे रुग्ण आढळले. हा विषाणूजन्य आजार प्रथम १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेला. तो संसर्ग झालेल्या गोचिडींच्या चाव्यातून होतो. वानरे आणि लाल तोंडाची माकडे स्वतः त्याने मरतात, आणि मेलेल्या माकडाच्या अंगावरून उतरलेल्या गोचिडी त्या परिसरात पसरतात. साधारणपणे डिसेंबर ते मे हा धोक्याचा काळ असतो, आणि काजूच्या बागेत काम करणे व पातेरा गोळा करणे ही कामे नेमकी याच काळात येतात.

त्यामुळे रानात किंवा बागेत मेलेले माकड दिसल्यास त्याला हात लावू नये, जवळ जाऊ नये, आणि लगेच प्राथमिक आरोग्य केंद्राला व वन विभागाला कळवावे. रानात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, आरोग्य विभागाने दिलेले प्रतिबंधक तेल उघड्या अंगाला लावावे, परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून कपडे धुवावेत, आणि अचानक जोराचा ताप आल्यास डॉक्टरांना रानात गेल्याचे आवर्जून सांगावे. आजाराच्या भीतीने माकडे मारण्याची भाषा सुरू होते, तेव्हा माकडांचे मृत्यू ही माणसासाठीची आगाऊ सूचना असते, आणि ती वेळेवर कळवणारे गाव अधिक सुरक्षित राहते, हे समजावून सांगावे. माकड चावले किंवा ओरखडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

आठवी पायरी : रानातले अन्न आणि झाडांची वाट राखावी

बागेतील फेऱ्या कायमच्या कमी व्हायच्या असतील, तर रानात खाणे आणि रानातून रानात जाण्याची वाट दोन्ही असले पाहिजे. कोकणातील अडचण अशी की येथील जंगलाचा फार मोठा भाग खासगी मालकीचा आहे. लाकूड व्यापाऱ्याला झाडे एकगठ्ठा विकली जातात, दोडामार्गसारख्या तालुक्यात रानाच्या जागी रबराची लागवड उभी राहते, आणि उंबर, वड, जांभूळ, बेहडा, भोकर, रायवळ आंबा, रातांबा अशी वर्षभर आळीपाळीने फळे देणारी झाडे नाहीशी होतात. येथे सरकारी अभयारण्याचा मार्ग पुरेसा नाही. जमीनमालकांचीच संमती लागते.

अशा परिस्थितीत मध्य अमेरिकेतील बेलीझ देशाचे उदाहरण मला अतिशय उपयुक्त वाटते. तेथे १९८५ साली बर्म्युडियन लँडिंग आणि परिसरातील गावांत काळ्या हाऊलर माकडांसाठी रॉबर्ट हॉर्विच या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने गावकऱ्यांसोबत काम सुरू केले. जमीन कोणाकडूनही काढून घेतली नाही. शेतकऱ्यांनी स्वेच्छेने लेखी वचन दिले की नदीकाठचा आणि दोन शेतांमधला झाडांचा पट्टा राखू, आणि शेत साफ करताना माकडांच्या खाण्याची झाडे तोडणार नाही. पुढे शंभराहून अधिक जमीनमालक त्यात सहभागी झाले. हॉर्विच यांचा हा अनुभव नंतर आसाममध्येही पोहोचला आणि बोंगाईगाव जिल्ह्यातील काकोइजाना वनात सोनेरी वानरांच्या संरक्षणासाठी भोवतालच्या गावांनी समित्या स्थापन केल्या.

आपल्याकडे असेच वचनपत्र एका पानावर, साध्या मराठीत तयार करता येते : बांधावरची आणि ओढ्याकाठची झाडे ठेवीन, उंबर व वड तोडणार नाही, देवराईला लागून असलेल्या बाजूस आठ-दहा देशी रोपे लावीन. ते कायद्याने बंधनकारक नसावे आणि तसे स्पष्ट सांगावेही, कारण सरकार जमीन घेईल ही भीती कोकणात फार खोल आहे. आपल्याच राज्यातील आणखी एक गोष्ट अशा बैठकीत सांगण्याजोगी आहे : धाराशिव जिल्ह्यातील उपळे गावात ३२ एकर जमीन दप्तरी माकडांच्या नावावर नोंदलेली आहे. प्रत्येक गावाने तसे करावे असे मुळीच नाही, पण माकडांसाठी जमीन राखण्याची कल्पना परकी नाही हे त्यावरून दिसते.

रस्त्यामुळे झाडांची सलगता तुटली असेल, तर दोन्ही बाजूंच्या फांद्या जुळू देणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. ते शक्य नसेल तेथे टांगता पूल करता येतो. तमिळनाडूतील वालपराई येथे सिंहपुच्छ माकडांसाठी नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनने असे पूल बांधले आणि रस्त्यावर स्थानिक माणसे नेमून वाहनांचा वेग कमी करून घेतला. विजेच्या उघड्या तारांना धक्का लागून वानरे मरतात किंवा लुळी पडतात. अशा जागांची नोंद करून महावितरणकडे आवरणयुक्त तारांची मागणी ग्रामपंचायतीच्या पत्राने करावी.

नववी पायरी : ‘पकडून न्या’ या मागणीला सामोरे जावे

ही मागणी येणारच, आणि ती करणाऱ्याला निसर्गाचा शत्रू समजू नये. पकडून दुसरीकडे सोडलेली टोळी त्या नव्या गावाचा प्रश्न बनते, तिच्यातील अनेक जनावरे अनोळखी जागी टिकत नाहीत, आणि अन्न तसेच राहिल्यास रिकाम्या जागेत शेजारची टोळी येते. निर्बीजीकरणाचा मार्ग हिमाचल प्रदेशाने २००६-०७ पासून अवलंबला आहे. त्यासाठी पशुवैद्यक, शस्त्रक्रियेची सोय आणि अनेक वर्षांचे सातत्य लागते, आणि तो निर्णय शासनाचा आहे. एखादे विशिष्ट माकड वारंवार माणसांवर हल्ला करत असेल, तर मात्र वन विभागाच्या प्रशिक्षित पथकाने त्याला पकडणे योग्य ठरते, आणि त्या वेळी आपण आडवे येऊ नये. त्या एका जनावराचा राग सगळ्या टोळीवर निघण्यापेक्षा ते बरे.

दहावी पायरी : काम ग्रामसभेकडे सोपवावे

वर्षभराच्या नोंदी जमल्यावर त्या ग्रामसभेत मांडाव्यात आणि मांडणी गावातील माणसानेच करावी. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. पुष्कळ ठिकाणी ती कागदावरच राहिलेली आढळते. तिला जागे करून टोळ्यांची संख्या, खाण्याची झाडे आणि झोपण्याच्या जागा यांची नोंद लोक जैवविविधता नोंदवहीत करून घ्यावी. जेथे सामूहिक वनहक्क मिळालेले आहेत, तेथे २००६ च्या वनहक्क कायद्याने वन्यजीवांच्या रक्षणाचा अधिकार ग्रामसभेला दिलेलाच आहे.

ठराव लहान आणि तपासता येण्याजोगा असावा. खाऊ घालण्यावर बंदी, कचऱ्याच्या जागा बंद करण्याची तारीख, राखणीची पाळी आणि तिचा खर्च, भरपाईच्या अर्जांची जबाबदारी कोणाची, आणि पुढच्या मोजणीचा महिना एवढे त्यात असले तरी पुरे. समितीत बागायतदार, निदान दोन स्त्रिया, गुरव, शिक्षक आणि बीटचे वनरक्षक असावेत; बाहेरून आलेल्या कार्यकर्त्याने पद घेऊ नये. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच जागी, त्याच पद्धतीने मोजणी करावी आणि तिच्याशेजारी तीन आकडे लिहावेत : त्या वर्षी किती घरांनी नुकसान कळवले, किती अर्ज मंजूर झाले, आणि रस्त्यावर किंवा तारांवर किती जनावरे मेली. टोळीची संख्या स्थिर असून कळवलेले नुकसान आणि मृत्यू कमी झाले असतील, तर पद्धत बदलण्याचे कारण नाही. नुकसान वाढले असेल, तर महिन्यांच्या खाण्याचे पत्रक पुन्हा उघडावे, कोणत्या झाडाचे फळ त्या वर्षी आले नाही आणि कोणत्या वाडीत कचरा पुन्हा उघडा पडू लागला हे आधी पाहावे, आणि त्यानुसार राखणीच्या पाळ्या पुढच्या हंगामापूर्वी नव्याने लावाव्यात.